‘फास्ट’चे तीन अर्थ, मूळ एकच

‘फास्ट म्हणजे वेगवान, फास्ट म्हणजे घट्ट आणि फास्ट म्हणजे उपवाससुद्धा! इंग्रजीला काही ताळतंत्रच नाही,’ हे वाक्य आपण कित्येक वर्षं ऐकत आलोय. तीन वेगळे शब्द योगायोगाने सारखे झाले, असंही ठामपणे सांगितलं जातं. तसं नाही. मूळ एकच आहे आणि त्याचा अर्थ पक्का, घट्ट, न हलणारा.

हा जुना अर्थ आजही जिवंत आहे. कपड्याचा रंग ‘फास्ट’ असतो तेव्हा तो पळत नाही, उलट धाग्याला धरून राहतो. ‘फास्ट अस्लीप’ म्हणजे गाढ झोपलेला. गंमत बघा, आपल्या ‘गाढ’चाही संस्कृतातला अर्थ घट्ट, दाट असाच आहे.

उपवासाचं कोडंही इथेच सुटतं. नेम घट्ट धरून ठेवायचा, तोंडावर ताबा ठेवायचा, म्हणून तो फास्ट. तो मोडला की ‘ब्रेकफास्ट’. जर्मनमध्येही ‘फेस्ट’ म्हणजे पक्का आणि ‘फास्टन’ म्हणजे उपवास करणे.

मग वेग कुठून आला? इथेच लोक अडतात. जुन्या इंग्रजीत एखादी गोष्ट घट्ट, म्हणजेच नेटाने, जोर लावून करणं यालाही हाच शब्द होता. नेटाने मारणं, नेटाने पळणं. आता नेटाने पळणारा माणूस वेगातच पळणार! हळूहळू नेट मागे पडला आणि वेग तेवढा शब्दाला चिकटून राहिला.