ऊती टिकवायची, पण कशासाठी?

शरीरातून ऊतीचा तुकडा काढला की रक्तपुरवठा त्याच क्षणी तुटतो. ऑक्सिजन संपतो आणि थोड्याच वेळात पेशींमधली विकरे (एन्झाइम) त्याच पेशींना पचवू लागतात. स्वादुपिंड आणि आतड्याच्या अस्तरात हे स्वविघटन फार झपाट्याने होते, हाडात बरेच सावकाश. ते थोपवण्याचे मार्ग अनेक आहेत. मात्र ऊतीची रचना, तिच्यातले नाजूक रेणू आणि तिचा जिवंतपणा हे सगळे एकाच मार्गाने हाती लागत नाही. म्हणून तपासणी कोणती करायची, हे तुकडा कापण्याआधी ठरलेले असावे.

रोगनिदानात आजही मुख्य भरवसा फॉर्मॅलिनवर, म्हणजे फॉर्माल्डिहाइडच्या पाण्यातल्या द्रावणावर आहे. जंतुनाशक म्हणून फॉर्माल्डिहाइड तपासताना जर्मन डॉक्टर फर्डिनांड ब्लूम यांच्या बोटांची कातडी कडक झाली, आणि १८९३मध्ये ऊती टिकवण्यासाठीचा त्याचा उपयोग समोर आला. फॉर्माल्डिहाइड प्रथिनांच्या साखळ्यांमध्ये रासायनिक पूल बांधते. त्यामुळे विकरे निकामी होतात आणि पेशीची मांडणी जागच्या जागी पक्की होते.

‘दहा टक्के फॉर्मॅलिन’मध्ये प्रत्यक्षात फॉर्माल्डिहाइड चार टक्क्यांच्या आसपासच असते, कारण बाटलीतले मूळ द्रावणच ३७ ते ४० टक्क्यांचे असते. त्याचे १०० मिली, ऊर्ध्वपातित पाणी ९०० मिली, मोनोसोडियम फॉस्फेट (मोनोहायड्रेट) ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम फॉस्फेट ६.५ ग्रॅम, ही नेहमीची कृती. यातले क्षार कधीच वगळू नयेत. त्यांच्याविना द्रावण हळूहळू आम्लधर्मी होते, रक्ताला लाल रंग देणाऱ्या हीमशी त्याची अभिक्रिया होते आणि काचपट्टीवर तपकिरी-काळे कण दिसू लागतात. ते मलेरियाच्या रंगद्रव्यासारखे दिसतात, म्हणजे निदानच चुकू शकते.

सर्वाधिक नुकसान मात्र घाईमुळे होते. फॉर्मॅलिन ऊतीत ताशी सुमारे एक मिलिमीटर शिरते, आणि खोलवर जाताना हा वेगही मंदावतो. शिवाय द्रावण आत पोहोचले म्हणजे काम झाले असे नाही. पूल बांधले जायला त्यापुढे कित्येक तास लागतात. अख्खी प्लीहा किंवा स्तनाचा मोठा भाग तसाच बरणीत टाकला, तर बाहेरून तो टणक होतो आणि मध्यभागी सडत राहतो. म्हणून मोठ्या नमुन्याचे साधारण ५ मिलिमीटर जाडीचे काप करावेत, बरणी रुंद तोंडाची घ्यावी आणि द्रावण नमुन्याच्या किमान दहापट, शक्यतो वीसपट असावे. नमुना तळाला चिकटू नये म्हणून खाली गॉज घालावा. स्तनाच्या कर्करोगात हार्मोन-ग्राहींची (हार्मोन जिथे जोडले जातात त्या पेशीतल्या प्रथिनांची) तपासणी करायची असेल, तर नमुना तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा आणि त्यात ६ ते ७२ तास राहायला हवा. वेळ कमी पडली तर रंग डागाडागांनी चढतो आणि ग्राही असूनही नाहीत असा निष्कर्ष निघू शकतो. त्यावर रुग्णाचे उपचार ठरतात, त्यामुळे बरणीवर वेळ लिहिणे हे कारकुनी काम समजू नये.

पुढे चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलने पाणी काढतात, झायलीनने अल्कोहोल काढतात, मग सुमारे ६० अंशांवरचे पॅराफिन आत मुरवून ३ ते ५ मायक्रॉनचे काप घेतात. पाणी मागे राहिले तर मेण शिरत नाही आणि मेणात बसवलेल्या ऊतीचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक, मऊ राहतो. नीट झालेला ब्लॉक साध्या तापमानाला दशकानुदशके टिकतो. त्यातला डीएनए मात्र तुकड्यातुकड्यांचा झालेला असतो आणि चरबी अल्कोहोल-झायलीनमध्ये विरघळून गेलेली असते.

आरएनए, विकरांची क्रिया किंवा चरबी पाहायची असेल तर गोठवणे भाग पडते. स्नायूचा तुकडा थेट द्रव नायट्रोजनमध्ये बुडवला तर भोवती नायट्रोजन उकळून वायूचा थर तयार होतो, थंडी आत जायला वेळ लागतो, बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि तंतूंची चाळणी होते. उपाय असा: आयसोपेंटेन या द्रवाचे भांडे द्रव नायट्रोजनमध्ये धरायचे, तळाशी पांढरा घट्ट थर दिसू लागला की तुकडा आयसोपेंटेनमध्ये सोडायचा. आधी तो सलाइनमध्ये भिजवलेला असेल तरीही हीच छिद्रे पडतात.

पेशी जिवंत हव्या असतील तर गणित उलटे होते. ग्लिसरॉल पेशींना गोठताना होणाऱ्या इजेपासून वाचवते, हे १९४९मध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी दाखवले. आज बहुधा त्याच कामाचे डीएमएसओ हे रसायन १० टक्के वापरतात आणि तापमान मिनिटाला सुमारे एक अंशाने उतरवतात. वेग जास्त झाला तर पेशीच्या आत बर्फ होतो. फार कमी झाला तर पाणी बाहेर जाऊन आतले क्षार दाट होतात. साठवण द्रव नायट्रोजनच्या टाकीत, उणे १९६ अंशांपर्यंत. वितळवणे मात्र ३७ अंशांच्या पाण्यात, झटपट.

जिवंतपणा दर वेळी लागतोच असे नाही. भाजलेल्या जखमेवर तात्पुरते आवरण म्हणून ८५ टक्के ग्लिसरॉलमधली मृत त्वचाही उपयोगी पडते. दृष्टीसाठी रोपण करायच्या कॉर्नियाचा आतला पेशीथर मात्र जिवंत लागतो. म्हणून तो २ ते ८ अंशांवर खास द्रावणात, साधारण १४ दिवसांपर्यंतच ठेवतात.

अख्ख्या अवयवाची अडचण आणखी वेगळी आहे. बर्फात ठेवलेले हृदय साधारण चार ते सहा तासच रोपणायोग्य राहते. स्फटिक होऊ न देता अवयव काचेसारखा घट्ट करता येतो, पण परत गरम करताना तापमान सगळीकडे सारखे वाढले नाही तर त्याला तडे जातात किंवा पुन्हा बर्फ धरतो. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३मध्ये यावर तोड दाखवली. लोह ऑक्साइडचे नॅनोकण रक्तवाहिन्यांत भरून त्यांनी उंदरांची मूत्रपिंडे चुंबकीय क्षेत्रात आतून गरम केली. १०० दिवसांपर्यंत साठवलेली ही मूत्रपिंडे रोपणानंतर काम करू लागली. माणसाचे मूत्रपिंड कितीतरी पटींनी मोठे असते, आणि एवढ्या आकारात थंडी व ऊब दोन्ही सारख्याच वेगाने पोहोचवणे हे सध्याचे काम आहे.