कताईच्या यंत्राने दिलं, मागाच्या यंत्राने नेलं

यंत्र आलं की मजुरी घटते का? याचं सरसकट उत्तर नाही. कामाच्या साखळीतली कोणती कडी यंत्राने घेतली, ते आधी पाहावं लागतं. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या सुती धंद्यात हे स्वच्छ दिसतं.

जॉन केच्या 1733 च्या उडत्या धोट्याने (आडवा धागा झपाट्याने पलीकडे नेणाऱ्या साधनाने) हातमागाचा वेग वाढला, पण एका विणकराला सूत पुरवायला चार-पाच जणांना चरख्यावर बसावं लागे. आर्कराइटची वॉटर फ्रेम (1769) आणि क्रॉम्प्टनचं म्यूल (1779) या कताईच्या यंत्रांनी ही अडचण दूर केली. घरी सूत कातणाऱ्या बायकांची कमाई बुडाली. सूत मुबलक झाल्याने हातमाग विणकराची मजुरी मात्र चढली.

कार्टराइटचा यंत्रमाग 1785 चा, तरी तो पसरायला तीसेक वर्षं गेली. अडलं होतं खळीपाशी, म्हणजे ताण्याला (मागावरच्या उभ्या धाग्यांना) लावायच्या पिठाच्या लेपापाशी. ताण्याला खळ नसेल तर धागे घासून तुटतात. सुरुवातीच्या यंत्रमागावर थोडं विणून झालं की माग थांबवायचा आणि पुढच्या ताण्याला खळ द्यायची. त्यासाठी वेगळा माणूस लागे, म्हणजे वाचलेली मजुरी तिथेच जाई. ताण्याला आधीच खळ लावून वाळवणारं यंत्र 1803 च्या सुमारास आलं, पुढे मागाचे सांगाडे लोखंडी झाले. ब्रिटनमध्ये 1813 साली अंदाजे 2,400 यंत्रमाग होते. 1833 मध्ये एक लाखाच्या घरात.

विणकराची घसरण मात्र यंत्रमाग पसरण्याआधीच सुरू झाली होती. साधं कापड विणणं लवकर शिकता येई, म्हणून चांगल्या मजुरीकडे माणसांची रीघ लागली. लँकेशायरमधल्या बोल्टनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आठवड्याला 25 शिलिंगांच्या आसपास मिळत. 1830 च्या सुमारास पाच-सहा. तरी माणसं मागावरच राहिली, कारण उतारवयात गिरणी त्यांना घेत नव्हती. तिथे बायका-मुलं स्वस्तात मिळत. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲलन यांच्या हिशेबाने 1780 ते 1840 या काळात ब्रिटनमध्ये दर कामगारामागे उत्पादन 46 टक्के वाढलं, खरी मजुरी (महागाई वजा जाता) अवघी 12 टक्के. वाढीचा मोठा वाटा नफ्यात गेला.

मुंबईत हाच हिशेब साच्यांवरून, म्हणजे गिरणीतल्या मागांवरून पेटला. दोनऐवजी तीन साचे एका विणकराने चालवावेत, ही मालकांची योजना 1928 च्या सहा महिन्यांच्या संपामागच्या कारणांपैकी एक होती. संपात सुमारे दीड लाख कामगार होते. साचे वाढवणं परवडतं ते सूत चांगलं असेल तरच. कापूस हलका असला किंवा खात्यातली हवा कोरडी पडली की धागे वारंवार तुटतात. विणकर एका साच्यावर धागा सांधत असताना दुसऱ्या साच्यावर धागा तुटला, तर तो थांबूनच राहतो, आणि मजुरी कापडावर असल्याने थांबलेल्या साच्याचा तोटा त्याच्याच पगारातून जातो.