अत्युच्च ऊर्जेच्या स्रोतांची गॅमा प्रतिरूपे

आकाशात एखाद्या दिशेकडून अत्युच्च ऊर्जेचे गॅमा किरण किंवा न्यूट्रिनो (पदार्थातून जवळजवळ न अडखळता जाणारे, विद्युतभार नसलेले सूक्ष्म कण) येताना आढळले, की त्याच दिशेला इतर ऊर्जांच्या गॅमा किरणांतही काही दिसते का, हे पाहतात. दिसले, आणि दोन्ही एकाच वस्तूतून निघते असे सिद्ध झाले, तर त्या दुसऱ्या दर्शनाला पहिल्याचे प्रतिरूप म्हणतात. दिसणे हे बरेचदा एका दुपारचे काम असते. सिद्ध व्हायला वर्षे जातात.

अत्युच्च ऊर्जा म्हणजे साधारण १०० गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरची; गिगा म्हणजे अब्ज. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, यावरून अंदाज यावा. असा गॅमा किरण स्वतः जमिनीपर्यंत पोचत नाही. वातावरणात शिरताच त्यातून कणांची सर कोसळते आणि काही अब्जांश सेकंद टिकणारी निळसर चमक उठते. नामिबियातील हेस, ला पाल्मा बेटावरील मॅजिक, ॲरिझोनातील व्हेरिटास आणि लडाखमध्ये हानले येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेली २१ मीटर व्यासाची मेस या दुर्बिणी ती चमक टिपतात. त्याखालच्या ऊर्जांचे काम मुख्यतः ११ जून २००८ रोजी सोडलेल्या फर्मी उपग्रहाकडे आहे. दर तीन तासांत तो जवळजवळ सगळे आकाश पाहून घेतो. पण त्याची नजर अधू आहे. १०० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टला (मेगा म्हणजे दहा लाख) एकेका किरणाची दिशा काही अंशांनी चुकते, आणि पौर्णिमेचा चंद्र तर अर्ध्या अंशाचाच असतो. आकाशगंगेच्या पट्ट्यात पल्सार (वेगाने फिरत नियमित ठोके देणारे मृत ताऱ्यांचे गाभे), अतिनवताऱ्यांचे अवशेष आणि वायुमेघ एकामागे एक दाटलेले आहेत. तिथे नुसती जागा जुळली म्हणून नाते लावणे म्हणजे दादरच्या फलाटावर शेजारी उभ्या असलेल्यांना एका घरातले समजणे.

हंस तारकासमूहातील टीईव्ही जे२०३२+४१३० या स्रोताची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. ला पाल्मावरच्याच हेग्रा दुर्बिणींना तो योगायोगाने सापडला आणि २००२ साली जाहीर झाला. इतर कोणत्याही तरंगलांबीत त्याच्या जागी खात्रीचे काही सापडेना. टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्ट (टेरा म्हणजे हजार गिगा) पट्ट्यातला तो पहिला बेनाम स्रोत. २००९ मध्ये फर्मीला त्याच ठिकाणी सेकंदाला सातेक फेऱ्या घेणारा पल्सार मिळाला, तेव्हा त्याच्या भोवतीची तेजोमेघिकाच हे किरण देत असावी असे वाटले. पुढे पल्सारच्या ठोक्यांत विचित्र बदल दिसू लागला. २०१५ पर्यंत उलगडले की तो एका वजनदार ताऱ्याभोवती लांबुडक्या कक्षेत फिरतो आहे; ती सुमारे ५० वर्षांची असल्याचे नंतर ठरले. नोव्हेंबर २०१७ मध्ये दोघे अगदी जवळ आले. मॅजिक आणि व्हेरिटास दोन्ही तिकडे रोखलेल्या होत्या, आणि त्या सुमारास तिथे एक नवा, बिंदूसारखा स्रोत उजळून पुन्हा बदलताना दिसला. म्हणजे एकाच जागी दोन गोष्टी निघाल्या: जुना, पसरट, स्थिर स्रोत आणि हा ताऱ्यांच्या जोडीचा. शिवाय त्याच भागात फर्मीने २०११ मध्ये दाखवलेला वैश्विक किरणांचा (अवकाशातल्या अतिवेगवान भारित कणांचा) कोश आहे आणि चीनच्या ल्हासो वेधशाळेला दिसलेला त्याहून मोठा बुडबुडाही आहे. कोणता किरण कोणाचा, हा हिशेब तिथे अजून पुरता लागलेला नाही.

म्हणून जागेपेक्षा काळाची साक्ष मोठी मानतात: दोन्हीकडचे बदल एकाच तालात होत असतील, तर वस्तू एकच. फर्मीच्या यादीतल्या बेनाम स्रोतांवर नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी रेडिओ दुर्बीण रोखून पुण्याच्या खगोलशास्त्रज्ञांनी हीच साक्ष मिळवली. २०१३ मध्ये जाहीर झालेला पीएसआर जे१५४४+४९३७ हा त्यांपैकी एक: २.१६ मिलिसेकंदांत एक फेरी, आणि सोबत्याबरोबर २.९ तासांची कक्षा. अशा मंद स्रोताकडून फर्मीला मोजकेच गॅमा किरण मिळतात. त्यांत ताल ओळखणे अवघड. पण रेडिओवरून ठेका हाती आल्यावर प्रत्येक किरण फेरीतल्या आपापल्या मात्रेवर बसवता आला, आणि गॅमा किरणांतही तेच ठोके निघाले. इथे शंकेला जागा उरत नाही.

न्यूट्रिनोंच्या बाबतीत पुरावा इतका घट्ट नसतो. २२ सप्टेंबर २०१७ रोजी दक्षिण ध्रुवावरील आइसक्यूब या बर्फात पुरलेल्या न्यूट्रिनो-शोधकाला सुमारे २९० टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा न्यूट्रिनो मिळाला. त्या दिशेला टीएक्सएस ०५०६+०५६ ही दूरची दीर्घिका गॅमा किरणांत भडकलेली असल्याचे फर्मीने दाखवले, आणि मग मॅजिकलाही ती १०० गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर दिसली. तरी हा निव्वळ योगायोग नसल्याची खात्री तीन सिग्माच्या आसपासच होती; सिग्मा हे अशा खात्रीचे माप, आकडा जितका मोठा तितका योगायोग अशक्य. भौतिकशास्त्रात शोध म्हणायला पाच लागतात.

याच्या उलट उदाहरण एनजीसी १०६८ या दीर्घिकेचे. २०२२ मध्ये आइसक्यूबने तिच्याकडून येणारे न्यूट्रिनो ४.२ सिग्मा खात्रीने मांडले, पण टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण मॅजिकला सापडले नव्हते. न्यूट्रिनो तयार होतात तिथे गॅमा किरणही व्हायलाच हवेत. ते कृष्णविवराजवळच्या दाट क्ष-किरणांत अडकून कमी ऊर्जेत विखुरतात, असे सध्याचे स्पष्टीकरण आहे. ते बरोबर असेल, तर या दीर्घिकेचे प्रतिरूप फर्मीच्या पट्ट्याखाली, मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास शोधावे लागेल. आणि त्या पट्ट्यात फर्मीच्या तोडीचा उपग्रह आज नाही.