सी, डी, ई आले कुठून?

सातपूर एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये अजून विंडोज एक्सपीचा पीसी आहे. सीएनसीला, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणाऱ्या मशीनला, सिरियल केबलने जोडलेला, कीबोर्डवर कूलंटचे डाग. मशीनला प्रोग्रॅम पाठवणारं सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालत नाही, त्यामुळे डिस्क गेली की पुन्हा एक्सपीच टाकायचा. परवा ५०० जीबीची डिस्क लावताना शेठ म्हणाले, "सगळं सीमध्येच ठेवा की. हे तुकडे पाडायचं खूळ कुणाचं?"

खूळ आयबीएमचं. मार्च १९८३मध्ये त्यांचा पीसी एक्सटी १० एमबीची हार्ड डिस्क घेऊन आला आणि सोबतच्या डॉस २.० या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एफडिस्क हा डिस्कचे तुकडे, म्हणजे पार्टिशन, पाडणारा प्रोग्रॅम होता. डिस्कच्या पहिल्याच, ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये ६४ बाइटचा तक्ता, त्यात १६-१६ बाइटच्या चार नोंदी, एका पार्टिशनची एक. डॉसच्या शेजारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिमही नांदावी, हा त्यामागचा हेतू. ए आणि बी फ्लॉपीने अडवलेले, म्हणून हार्ड डिस्क सी.

सी-डी-ईची रांग लागली ती मात्र नाइलाजाने. तेव्हाच्या डॉसला एका पार्टिशनमध्ये ३२ एमबीपुढे जाता येत नसे. १९८७च्या डॉस ३.३ने एक्सटेंडेड पार्टिशनची पळवाट काढली, म्हणजे चारांपैकी एका खोलीत आणखी खोल्या. पुढे फॅट१६ची, म्हणजे डॉसच्या फाइली मांडायच्या पद्धतीची, मर्यादा २ जीबीवर गेली, पण तिथे क्लस्टर, म्हणजे फाइलला मिळणारा जागेचा लहानात लहान तुकडा, ३२ केबीचा. दोन ओळींची फाइलही तेवढी जागा खायची. ८ जीबीची डिस्क घेतली की तुकडे आलेच. १९९६मध्ये मोठी पार्टिशन पेलणारं फॅट३२ आलं आणि गरज संपली, सवय राहिली. मला त्यात वावगं वाटत नाही. सीवर फॉरमॅट मारला तरी डीमधले फोटो वाचतात. डिस्कच मेली तर अर्थात दोन्ही जातात.

एक्सपीसाठी तो १९८३चा तक्ताच लागतो, कारण ३२ बिटच्या एक्सपीला जीपीटीवरून, म्हणजे नव्या पद्धतीच्या तक्त्यावरून, बूट होता येत नाही. शिवाय त्याचा सेटअप पहिलं पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून पाडतो. आतून ४०९६ बाइटच्या सेक्टरच्या नव्या डिस्कवर ते बरोबर बसत नाही आणि डिस्क रेंगाळते. म्हणून पार्टिशन आधीच लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून २०४८व्या सेक्टरपासून पाडून घेतलं.

तरी सेटअप निळ्या स्क्रीनवर अडकलाच. एक्सपीच्या सेटअपला डिस्कशी बोलायची नवी पद्धत, एएचसीआय, कळत नाही; बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, ती बदलून जुनी आयडीई केली, मग सरकला. ४० जीबीचा सी, उरलेला डी. शेठनी डीला नाव दिलं, 'जुने जॉब'.