मर लागते तेव्हा: कोंबडीच्या आतड्यातला जंतू कसा सापडला

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरच्या पोल्ट्रीशेडमध्ये कोंबड्या पटापट मरू लागल्या. आधी संशय मानमोडीचा, म्हणजे कोंबड्यांच्या राणीखेत रोगाचा, होता. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला. त्याची धास्ती खानदेशात अजून आहे. त्या धास्तीत आतड्याचे आजार मागे पडतात, याचं मला वाईट वाटतं.

नेक्रोटिक एन्टरायटिसनं, म्हणजे आतड्याचं अस्तर कुजवणाऱ्या आजारानं, मेलेली कोंबडी उघडली, की लहान आतडं वायूनं फुगलेलं दिसतं. भिंत इतकी पातळ, की बोट लागताच फाटावी. आत पिवळट-हिरवा थर, जुन्या टॉवेलसारखा खरखरीत, आणि उग्र घाण वास. इंग्लंडमध्ये पॅरिश यांनी १९६१ मध्ये कोंबड्यांतल्या या आजाराचं वर्णन केलं. त्यामागचा जंतू, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स, मात्र त्याच्या कितीतरी आधीचा ओळखीचा. डॉक्टर विल्यम वेल्च यांना तो १८९१ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला एका माणसाच्या शवविच्छेदनात सापडला होता.

पण हा जंतू धडधाकट कोंबडीच्या पोटातही असतो. त्यामुळे तो सापडला म्हणून आजार त्याचाच, असं म्हणता येत नाही. रक्ती हगवण या दुसऱ्या आजारानं आतड्याचं अस्तर सोलवटलं आणि आतड्यात प्रथिनं झिरपू लागली, की त्याला आयतंच फावतं. कित्येक वर्षं सगळा दोष हा जंतू बनवतो त्या अल्फा नावाच्या विषावर होता. नवापूरच्याच वर्षी, २००६ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे विष बनवूच न शकणारा जंतू तयार करून कोंबड्यांना दिला. त्या तरीही आजारी पडल्या! एवढी वर्षं धरून ठेवलेला समज एका प्रयोगानं मोडला. २००८ मध्ये त्यांनाच दुसरं विष सापडलं, नेटबी. आता प्रयोगशाळेत त्याचं जनुक शोधता येतं. अर्थात काही निरोगी पक्ष्यांतही ते आढळतं, म्हणून आतड्यावरची जखम पाहावीच लागते.

आपल्याकडे नमुना नेताना आजारी पण जिवंत पक्षी न्यावेत, तेही पाण्यात औषध पडण्याआधी. अनुकूल उष्णतेत हा जंतू साधारण दहा मिनिटांत दुप्पट होतो, आणि जळगाव-भुसावळचा मे महिना त्याला हवी तेवढी ऊब देतो. सकाळी मेलेली कोंबडी दुपारी तपासली तर जंतू भरपूर मिळतात. त्यातले मरणाआधीचे किती आणि नंतर वाढलेले किती, हे मग कळत नाही.