प्रतिपिंडांच्या जनुकांतला वारसा : सिकलसेलच्या पट्ट्यातून पाहताना

नंदुरबारमधल्या धडगाव, अक्कलकुव्याकडे सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची, तपासणी आता कुणाला नवी नाही. थेंबभर रक्त, सोल्युबिलिटी चाचणी, शंका आली तर इलेक्ट्रोफोरेसिस, आणि पोर वाहक आहे की रुग्ण ते कळतं. ११ व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात डीएनएचं एकच अक्षर बदललेलं असतं, एवढाच फरक. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. त्याच्या कितीतरी आधीपासून सातपुड्यातली भिल्ल आणि पावरा कुटुंबं या आजारासोबत जगत आली आहेत.

त्याच रक्तात आईबापाकडून आलेला आणखी एक वारसा असतो. रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, ज्या जनुकांवरून बनतात ती जनुकंही माणसागणिक वेगळी असतात. हे सापडलं लवकर, पण पुढे कित्येक वर्षं ते बाजूलाच पडून राहिलं.

रक्तद्रवात विष मारणारं काहीतरी असतं हे १८९० साली बर्लिनमध्ये बेरिंग आणि किटासातो यांनी दाखवलं होतं. पण प्रतिपिंडांमध्येही रक्तगटांसारखे आनुवंशिक प्रकार असतात, हे कळायला १९५६ उजाडलं. स्वीडनच्या रूने ग्रब यांनी संधिवाताच्या रुग्णांचा रक्तद्रव वापरून माणसांमधले हे प्रकार वेगळे केले. त्यांना जीएम गट म्हणतात. त्याच वर्षी पॅरिसमध्ये झाक उदँ यांना सशांत असाच प्रकार दिसला. पुढे मानववंशशास्त्रज्ञ जमाती-जमातींचे जीएम गट मोजत फिरले, पितृत्वाच्या खटल्यांतही ते वापरले गेले. गंमत अशी, की या गटांचा उपयोग माणसं ओळखायला झाला. त्यांचा रोगाशी काय संबंध, हा प्रश्न मागे राहिला.

त्याला एक मोठं कारण होतं. १९७६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला सुसुमु तोनेगावा आणि नोबुमिची होझुमी यांनी दाखवलं, की बी-पेशी (प्रतिपिंडं बनवणारी पांढरी पेशी) प्रतिपिंडाचं जनुक आयतं घेत नाही, ती ते स्वतः जुळवते. व्ही, डी आणि जे नावाच्या तुकड्यांच्या तीन राशी असतात. पेशी प्रत्येक राशीतून एकेक तुकडा उचलते, मधला डीएनए कापून टाकते आणि सांधा जोडताना अक्षरं कमीजास्त करते. प्रतिपिंड जड आणि हलक्या अशा दोन प्रकारच्या साखळ्यांचं बनतं. त्यातल्या जड साखळीसाठी उपयोगी पडणारे व्ही तुकडे ४० च्या आसपास, डी २३ आणि जे ६. एवढ्यातून अब्जावधी प्रकार निघतात. तोनेगावांना १९८७ चं नोबेल मिळालं आणि ते रास्तच होतं. पण यातून एक समज मात्र घट्ट बसला : इतकी उलथापालथ पेशीतच होत असेल, तर मुळात हाती आलेला संच थोडा इकडेतिकडे असल्याने काय बिघडतं?

बिघडतं. तुकडाच नसेल तर जुळवणार काय?

संच वाचणंही सोपं नव्हतं. जड साखळीची ही जनुकं १४ व्या गुणसूत्राच्या टोकाला आहेत. तिथे एकसारखे दिसणारे तुकडे इतके शेजारी-शेजारी आहेत, की हा भाग डीएनएच्या छोट्या-छोट्या वाचनांतून जुळवायला गेलं की कुठला कुठे बसतो तेच कळत नाही. शिवाय काहींमध्ये तुकड्यांचे गटच्या गट गायब असतात, काहींमध्ये दुप्पट. जपानमध्ये तासुकु होंजो यांच्या गटाने १९९८ मध्ये व्ही तुकड्यांचा सगळा पट्टा पहिल्यांदा सलग वाचला. पुढच्या मोठ्या जनुकसंच प्रकल्पांत आणखी एक पेच आला. बऱ्याच नमुन्यांचा डीएनए प्रयोगशाळेत वाढवलेल्या बी-पेशींतून घेतलेला होता. म्हणजे जो पट्टा वाचायचा, तोच पट्टा कापून बसलेल्या पेशी! २०१३ मध्ये कोरी वॉटसन आणि सहकाऱ्यांनी ही अडचण टाळली. त्यांनी फक्त पित्याकडचाच जनुकसंच असलेल्या, द्राक्षगर्भातून (गर्भाऐवजी वाढलेल्या द्राक्षाच्या घडासारख्या गाठीतून) मिळालेल्या पेशी वापरल्या आणि एक प्रत स्वच्छ वाचली. तेव्हा आधी कुणाच्या नोंदीत नसलेले तुकडे हाती आले.

या फरकाने प्रत्यक्षात काय होतं, याची तीन उदाहरणं देतो. अमेरिकेतल्या नवाहो आदिवासी मुलांना हिब जंतूचा मेंदूज्वर इतरांपेक्षा कैक पटींनी जास्त व्हायचा. १९९६ मध्ये त्यांच्यात हलक्या साखळीच्या एका तुकड्याचं सदोष रूप बरंच आढळलं; हिबविरुद्धच्या प्रतिपिंडांत नेमका तोच तुकडा सहसा वापरला जातो. पण इथे सावध राहायला हवं. दाटीवाटीची घरं, चुलीचा धूर आणि दवाखान्याचं अंतर हे सगळं एका जनुकावर ढकलणं सोयीचं असतं, खरं नसतं. आणि लस आल्यावर नवाहो मुलांतला हिब झपाट्याने उतरलाच. आपल्याकडे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना जी पेंटाव्हॅलंट देतात, तिच्यात हिबची लस असते.

दुसरं उदाहरण २०१७ चं. पॅसिफिक बेटांवर घसादुखीनंतर हृदयाच्या झडपा खराब होणाऱ्यांमध्ये व्ही तुकड्याचं एक विशिष्ट रूप जास्त आढळलं. तिसरं एचआयव्हीच्या प्रायोगिक लशीचं : २०२२ च्या अहवालानुसार लस घेतलेल्या ३६ जणांपैकी ३५ जणांत हव्या त्या प्रतिपिंडांची सुरुवात झाली. उरलेल्या एकाकडे त्यासाठी लागणारं तुकड्याचं रूप आईकडूनही आलेलं नव्हतं आणि बापाकडूनही.

निसर्गाने असा फरक राखला तरी कशाला, हे रावेर-यावलच्या केळीवाल्याला सांगावं लागणार नाही. टिश्यू कल्चरच्या जी-नाईन वाणाची बाग म्हणजे एकाच झाडाच्या नकला. हरण्या रोग शिरला की सगळ्या खोडांची गत सारखीच. माणसांच्या वस्तीत मात्र एकाला जड जाणारा जंतू शेजारच्याला जड जाईलच असं नाही.

खानदेशात हे दोन वारसे एकाच मुलात भेटतात. सिकलसेलच्या रुग्णाची प्लीहा लहान वयातच निकामी होत जाते, म्हणून न्यूमोकोकस जंतू त्याला फार घातक ठरतो आणि त्याच्यासाठी न्यूमोकोकसची लस महत्त्वाची असते. लशीने प्रतिपिंडं तयार व्हायची, ती मात्र त्या मुलाच्या स्वतःच्या व्ही-डी-जे तुकड्यांतून. प्रतिपिंड-जनुकांच्या जागतिक याद्या मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून बनल्या आहेत. जानेवारी २०२५ मध्ये जीनोमइंडिया या राष्ट्रीय प्रकल्पाने १० हजार भारतीयांचा जनुकसंच संशोधकांना खुला केला, ही मोठीच गोष्ट; पण ते वाचन छोट्या तुकड्यांचं आहे, आणि १४ व्या गुणसूत्राचं हे टोक नीट उलगडायला लांब तुकडे वाचणारं तंत्र लागतं.

यावरून कुणी आपल्या पोराची ही तपासणी करून घ्यायला धावू नये. सिकलसेलसारखा इथे वाहक नावाचा प्रकार नाही, लग्न जुळवताना विचारायचं काही नाही. या जनुकांवरून लशींचं वेळापत्रकही बदलत नाही, कार्डावर लिहिलेलं तेच.