एका इलेक्ट्रॉनचे 25 हजार कोटी

सुपरकंडक्टर म्हणजे रेझिस्टन्स शून्य, मग पॉवर वाया जाईलच कशी, असं बऱ्याच जणांना वाटतं. डीसी करंटपुरतं ते बरोबर आहे. पण पार्टिकल अ‍ॅक्सिलरेटरमधली निओबियम धातूची कॅव्हिटी, म्हणजे कणांना वेग देणारी पोकळ डबी, चालते रेडिओ फ्रीक्वेन्सीवर, म्हणजे आतलं फील्ड सतत दिशा बदलत असतं; तिथे 2 केल्विनला (सुमारे उणे 271 अंश सेल्सिअसला) पण थोडा रेझिस्टन्स उरतोच, आणि त्याहून मोठा चोर म्हणजे भिंतीतून निसटलेले इलेक्ट्रॉन.

होतं असं, एखादा इलेक्ट्रॉन भिंतीतून बाहेर पडतो, इलेक्ट्रिक फील्ड त्याला पळवतं, मॅग्नेटिक फील्ड वळवतं आणि तो परत भिंतीवर आपटतो. आपटताना एनर्जी काहीशे इलेक्ट्रॉनव्होल्ट असेल तर सरासरी एकापेक्षा जास्त नवे इलेक्ट्रॉन उडतात, आणि नेमकी तेव्हाच फील्डची दिशा उलटली असेल तर हे नवेही त्याच खेळात सामील. याला मल्टिपॅक्टिंग म्हणतात. आता हिशोब बघा. कॅव्हिटीची फ्रीक्वेन्सी 1.3 गिगाहर्ट्झ धरली तर अर्धी सायकल 0.385 नॅनोसेकंदाची, दर अर्ध्या सायकलला एक टक्कर, दर टकरीला सरासरी 1.3 इलेक्ट्रॉन. 100 टकरींत, म्हणजे 38-39 नॅनोसेकंदांत, एकाचे होतात सुमारे 25 हजार कोटी! पुढे ते एकमेकांनाच ढकलायला लागतात म्हणून वाढ थांबते, पण तोवर पॉवर खाल्लेली असते, भिंत तापलेली असते, आणि तेवढ्या जागेतलं निओबियम सुपरकंडक्टिंग राहिलं नाही की क्वेंच.

कॅव्हिटी बनवणाऱ्यांना काळजी असते ती या इलेक्ट्रॉनची.

म्हणून धातू कापायच्या आधी सिम्युलेशन. आधी मॅक्सवेलची समीकरणं सोडवून कॅव्हिटीभर फील्ड काढायचं, मग भिंतीच्या प्रत्येक तुकड्यावरून, सायकलच्या वेगवेगळ्या क्षणी खोटे इलेक्ट्रॉन सोडायचे आणि प्रत्येकाची वाट मोजायची. वीस-तीस सायकलनंतरही जो उड्या मारतोय आणि ज्याची एनर्जी त्या धोक्याच्या पट्ट्यात आहे, तो संशयित. मग फील्ड जरा वाढवून सगळं पुन्हा. वक्र भिंत सपाट त्रिकोणांनी बनवली तर उत्तर चुकू शकतं, कारण हे इलेक्ट्रॉन भिंतीला खेटूनच फिरतात.

लंबगोल कॅव्हिटी म्हणूनच आवडते: इलेक्ट्रॉन घसरत मधल्या फुगीर भागाकडे जातात, तिथे इलेक्ट्रिक फील्ड इतकं कमी की त्यांना नवे इलेक्ट्रॉन उडवण्याएवढी एनर्जीच मिळत नाही. तरी टेस्ला (TESLA) नावाच्या अ‍ॅक्सिलरेटर प्रकल्पासाठी ठरवलेल्या आकाराच्या कॅव्हिटीत मीटरला 2 कोटी व्होल्टच्या आसपास तिथेच थोडं मल्टिपॅक्टिंग होतं. सिम्युलेशन जागा आणि फील्ड सांगतं, जोर किती ते मात्र पृष्ठभाग किती स्वच्छ आहे त्यावर. म्हणून त्या फील्डला थांबून इलेक्ट्रॉनना भिंतीवर आपटू देतात, त्यांच्याच माराने पृष्ठभाग साफ होतो, दर टकरीला 1.3 इलेक्ट्रॉनचा आकडा 1 च्या खाली येतो आणि कॅव्हिटीतलं फील्ड आणखी वाढवता येतं.